मोटारीचा पंखा कां फिरत नाहीं?

छत्रपति संभाजीनगराहून जळगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिल्लोड हें तालुक्याचें गांव लागतें. तेथून गोळेगांव आणि अजिंठा हीं गांवें मागें टाकलीं म्हणजे घाट उतरून फर्दापूर येतें व वाट लेण्यांकडे वळते. जळगांवाकडून येणाऱ्या गाडीस हाच घाट चढावा लागतो. वैशाखाच्या दुपारीं पुढें मालानें लादलेला ट्रक आला, कीं गाडीचा वेग माणसाच्या चालीवर येतो आणि उष्णतामापकाचा कांटा वर सरकूं लागतो. माथ्यावर मोकळा रस्ता मिळतांच तो खालीं येतो. सिल्लोडच्या बाजारांत गर्दींत गाडी अडकली, कीं पुन्हां वर. कांट्याच्या ह्या चढउतारांतच दोषाचें निम्में निदान झालेलें असतें.

इंधनाच्या ज्वलनानें निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानानें एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेल्या उष्णतेपैकीं कांहीं धुराबरोबर निघून जाते, व पुष्कळशी एंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरते. तें तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरून निवतें. गाडी वेगांत असतांना समोरचा वाराच हें काम करतो. पंख्याची गरज लागते ती गाडी उभी असतांना किंवा रांगत असतांना. म्हणून थांबल्यावर तापणारी आणि पळतांना निवणारी गाडी दिसली, तर संशय प्रथम पंख्यावर घ्यावा. भरधांव जातांनाही ती तापत असेल, तर पाणी कमी असणें, पंप निकामी होणें किंवा रेडिएटर तुंबणें ह्यांपैकीं कारण शोधावें लागतें.

पूर्वीं हा प्रश्न असा उपस्थित होत नसे. जुन्या अँबॅसेडर व पद्मिनी गाड्यांत पंखा एंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे; एंजिन चालू तर पंखा चालू. 1983 मध्यें बाजारांत आलेल्या मारुति 800 चें एंजिन आडवें बसविलेलें होतें. त्याचा पट्टा गाडीच्या बाजूस येई, मग समोरच्या रेडिएटरमागचा पंखा त्यानें फिरावा कसा? तेथें विजेचा पंखा आला आणि त्याच्यामागून तार, फ्यूज, रिले व उष्णतेनें चालू होणारें बटण असा सारा परिवार आला. इंधन वांचलें, आवाज कमी झाला. पण बिघडण्याच्या जागाही वाढल्या, हें मान्य केलें पाहिजे.

कांटा लाल खुणेकडे जाऊं लागला, तर वातानुकूलन बंद करावें व गाडींतील हीटर पूर्ण वेगानें सोडावा. उन्हाळ्यांत हा उपाय विचित्र वाटतो, परंतु हीटर एंजिनाचीच उष्णता बाहेर काढीत असल्यामुळें थोडा वेळ मिळतो. तरीही कांटा चढत राहिला, तर गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावें. रेडिएटरचें झांकण मात्र तत्काळ उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वरही तें न उकळतां राहूं शकतें. झांकण सुटतांच दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते, आणि ती तोंडावर व हातांवर येते. निदान अर्धा तास थांबावें. तापलेल्या एंजिनांत गार पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचें भय असतें, तेंही टाळावें.

गाडी निवाल्यावर प्रथम पाणी पाहावें. पाणी कमी असेल, तर उष्णता जोखणारें बटण कोरडें राहतें आणि पंख्याला खबरच पोंचत नाहीं. थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला, तरी तेंच घडतें: एंजिन उकळत असतें, पण रेडिएटरमध्यें पाणी पोंचतच नाहीं, म्हणून त्यावर बसविलेलें बटण थंडच राहतें. अशा वेळीं नवा पंखा आणून बसविणें म्हणजे डोकें दुखतें म्हणून पायाला पट्टी बांधणें होय.

ह्यापुढची कसोटी सोपी आहे. एंजिन चालू ठेवून वातानुकूलन लावावें. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरूं लागतो. एकच पंखा असलेल्या गाडींत तो तसा फिरला, तर मोटर निर्दोष असून दोष उष्णतेच्या बटणांत किंवा त्याच्या तारेंत आहे. न फिरल्यास फ्यूज पाहावा. जळलेला असेल, तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तारेचा तुकडा घालून काम भागविण्याची खोड गाडीला आग लावूं शकते. नवा फ्यूजही लगेच जळला, तर मोटर जाम झाली आहे किंवा तार कोठें तरी उघडी पडली आहे. फ्यूज शाबूत असेल, तर रिले बदलून पाहावा. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असल्यास तोच क्षणभर लावून परीक्षा होते. नंतर प्लग काढून मोटरला बॅटरीपासून फ्यूजसह सरळ बारा व्होल्टचा प्रवाह द्यावा. तरीही ती हलली नाहीं, तर मोटरच गेली. काडीनें ढोसल्यावर फिरूं लागणारी मोटर ब्रश झिजल्याचें सांगते. पंख्याजवळ हात नेतांना एक ध्यानांत असावें कीं, एंजिन बंद असतांही कांहीं गाड्यांत तो अकस्मात् फिरूं लागतो.

जुन्या गाडींतील दोन तारांच्या बटणाच्या तारा एकमेकींस जोडल्यावर पंखा फिरला, तर बटण बदलावें. संगणकानें चालणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र हा प्रयोग करूं नये. तात्पुरता इलाज म्हणून पंखा सरळ बॅटरीवर जोडून सिल्लोडहून संभाजीनगरापर्यंत गाडी नेतां येते. तीच कायमची व्यवस्था करणें किंवा थर्मोस्टॅटच काढून टाकणें हा सर्रास सांगितला जाणारा उपाय वाईट: एंजिन योग्य तापमानास पोंचत नाहीं, इंधन अधिक जळतें व झीजही वाढते.

नवी मोटर बसविल्यावर रेडिएटरसमोर कागदाचा कपटा धरावा. पंखा रेडिएटरच्या मागें असेल, तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. तो दूर उडाला, तर तारा उलट जोडल्या आहेत.