ग्राहकांना एसएमएस पाठवताय? मग डीएलटी नोंदणी स्वतःच्याच नावावर करा

आपल्यातले अनेक तरुण-तरुणी आता नोकरीची वाट न पाहता स्वतःचे काहीतरी सुरू करत आहेत. कुणी तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढली आहे, कुणी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान टाकले आहे, कुणी पुस्तक विक्री करते, कुणी शिवणकामाचे युनिट चालवते. सुरुवातीला पन्नास-साठ ग्राहक असतात, फोन करून काम भागते. संख्या पाचशेच्या वर गेली की फीची आठवण, ऑर्डर तयार झाल्याचा निरोप, नव्या बॅचची जाहिरात हे सगळे एसएमएसने पाठवावेसे वाटते. मग कुणीतरी एक अ‍ॅप सुचवते. ते मोबाईलमध्ये टाकायचे, नंबरांची यादी भरायची आणि स्वतःच्याच सिमवरून सगळ्यांना एका झटक्यात मेसेज सोडायचे. फुकटात काम झाले, असे वाटते.

ते फुकटात पडत नाही. आपल्या देशात व्यावसायिक संदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, १९ जुलै २०१८ चे विनियम लागू आहेत आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांत आणखी कडक दुरुस्त्या झाल्या. साध्या दहा अंकी नंबरवरून धंद्याचे मेसेज पाठवणारा माणूस या नियमांत ‘नोंदणी नसलेला प्रेषक’ ठरतो. दहा दिवसांत पाच ग्राहकांनी तक्रार केली की कारवाईची प्रक्रिया सुरू होऊ शकते. पूर्वी ही मर्यादा सात दिवसांत दहा तक्रारींची होती. पहिल्या वेळी त्या व्यक्तीच्या नावावरच्या सगळ्या क्रमांकांची आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तेच केले तर सर्व कंपन्यांकडची सर्व कनेक्शन एका वर्षासाठी तोडली जातात आणि नाव काळ्या यादीत जाते.

मोठ्या कंपनीचा एखादा नंबर गेला तर तिचे फारसे बिघडत नाही. आपल्या पोराचा मात्र एकच नंबर असतो. आधार त्यालाच जोडलेले, बँकेचे खाते त्यालाच, यूपीआय त्यावरच, शिष्यवृत्तीचा किंवा कर्जाच्या अर्जाचा ओटीपीही त्यावरच येणार. तो नंबर तुटला तर धंद्याबरोबर घरही अडकते. म्हणून हा विषय नीट समजून घ्या.

रीतसर मार्गाचे नाव आहे डीएलटी नोंदणी. डीएलटी म्हणजे एक सामाईक डिजिटल नोंदवही. ती सगळ्या मोबाईल कंपन्यांकडे एकाच वेळी असते आणि कुणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. मेसेज कोण पाठवतो, कोणत्या नावाने पाठवतो आणि मजकूर काय, या तीन गोष्टी त्या वहीत आधीच नोंदवाव्या लागतात. प्रत्यक्ष मेसेज सुटताना तो या नोंदींशी ताडून पाहिला जातो. जुळला तर पुढे जातो, नाही तर तिथेच अडतो. ही ताडणी ८ मार्च २०२१ रोजी एकदम सुरू केली, तेव्हा तयारी नसलेल्या बँकांचेही ओटीपी अडकले आणि ट्रायला दुसऱ्याच दिवशी ती आठवडाभरासाठी थांबवावी लागली होती. थोडक्यात, इथे मोठ्या नावाला वेगळी वाट नाही. आपल्यासाठी ती चांगलीच गोष्ट आहे.

नोंदणी कुठे करायची? जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल यांची स्वतःची डीएलटी पोर्टल आहेत. त्यांपैकी एकावर केली तरी पुरते, कारण वही सामाईक आहे. शुल्क पोर्टलनुसार वेगळे असते आणि बदलत राहते. काही ठिकाणी ते ५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये असे आकारले गेले आहे. त्यामुळे दोन-तीन पोर्टलवरचे त्या दिवसाचे शुल्क पाहूनच निवड करा.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. एकट्याचा व्यवसाय असेल तर स्वतःचे पॅन, ओळखपत्र, व्यवसाय चालू असल्याचा पुरावा आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचे अधिकारपत्र, एवढ्यावर साधारणपणे काम होते. व्यवसायाचा पुरावा म्हणून जीएसटी प्रमाणपत्र चालते. पण महाराष्ट्रात वस्तूंची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत किंवा सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. अशा वेळी ‘शॉप अ‍ॅक्ट’चा किंवा उद्यमचा कागद पोर्टलला चालतो का ते पाहा. मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी तर सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार उकळणारे सायबर कॅफेवाले अजूनही भेटतात, त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. सामाजिक संस्था, वाचनालय, ट्रस्ट यांनाही सामूहिक एसएमएस पाठवायचे असतील तर हीच नोंदणी करावी लागते. त्यांच्यासाठी संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेच्या नावाचे पॅन आणि पदाधिकाऱ्याला अधिकार देणारे पत्र लागते. संस्थेचे पॅनच काढलेले नाही, अशी स्थिती आपल्याकडे बऱ्याच मंडळांची असते. सुरुवात तिथून करावी लागेल.

अर्ज मंजूर झाला की आपण ‘प्रिन्सिपल एंटिटी’ होतो आणि १९ अंकी ओळख क्रमांक मिळतो.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. बहुतेक जण हे सगळे एसएमएस विकणाऱ्या एजंटवर सोडून देतात. तो म्हणतो, “दादा, तुम्ही काही करू नका, मी सगळं बघतो.” आणि खरोखरच सगळे त्याच्याकडे जाते. पोर्टलवर ईमेल त्याचा, मोबाईल नंबर त्याचा, पासवर्ड त्याचा. सहा महिन्यांनी त्याने दर वाढवला किंवा फोन उचलणे बंद केले, तर आपल्याच नावाच्या नोंदणीचे कुलूप आपल्याला उघडता येत नाही. काही जण तर नोंदणी करतच नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या मंजूर नावावरून आपला मेसेज सोडतात आणि त्याला ‘विदाउट डीएलटी पॅक’ म्हणतात. हा उघड गैरवापर आहे. तो उघडकीला आला की ते नाव बंद होते, आपले मेसेज थांबतात आणि आगाऊ भरलेले पैसे बुडतात. फॉर्म भरायला मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. पण ईमेल आणि मोबाईल नंबर आपलाच द्या, पासवर्ड स्वतः ठेवा आणि शुल्काची पावती आपल्याच नावाने घ्या.

एजंट किंवा एसएमएस कंपनी लागतेच, कारण मेसेज प्रत्यक्ष पाठवण्याचे काम ‘टेलिमार्केटर’ म्हणून नोंद असलेलीच करते. पण आपल्यापासून मोबाईल कंपनीपर्यंत मध्ये कोण कोण आहे ती साखळीही आता पोर्टलवर जोडून मंजूर करावी लागते. डिसेंबर २०२४ पासून साखळी जुळत नसलेले मेसेज नाकारले जातात. याचा आपल्याला फायदा असा, की कंपनी पटली नाही तर जुनी साखळी काढून दुसरी जोडता येते. नोंदणी आपली, हेडर आपले, फक्त पोस्टमन बदलायचा. मात्र त्यासाठी लॉगिन आपल्या हातात हवे.

हेडर म्हणजे मेसेजवर नंबरऐवजी दिसणारे नाव. सेवेच्या मेसेजसाठी ते सहा इंग्रजी अक्षरांचे असते आणि आपल्या व्यवसायाच्या नावाशी त्याचा संबंध दिसावा लागतो. संबंध दिसला नाही तर पोर्टल पुरावा मागते किंवा अर्ज नाकारते. त्याच्या आधी येणारी दोन अक्षरे मोबाईल कंपनी आणि सर्कल सांगतात. ६ मे २०२५ पासून शेवटीही एक अक्षर येते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. आपल्या अभ्यासिकेने “आपली फी मिळाली” असा निरोप पाठवला तर तो सेवेचा. त्यातच “मित्राला आणा, ५०० रुपये सूट मिळवा” असे जोडले की तो जाहिरातीत गेला. दोन्ही एकत्र घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि बरीचशी टेम्प्लेट्स याच कारणाने परत येतात. जाहिरातीचा मेसेज सकाळी १० ते रात्री ९ याच वेळेत जातो आणि ज्याने १९०९ वर डीएनडी लावले आहे त्याला सहसा पोहोचतच नाही. सेवेच्या मेसेजला ही अडचण नाही.

टेम्प्लेट म्हणजे मजकुराचा मंजूर साचा. बदलणाऱ्या जागा, जसे नाव, रक्कम, तारीख, मोकळ्या सोडता येतात. अशा एका जागेत ठरावीक मर्यादेपर्यंतच वर्ण बसतात. तिथे नेमके काय येणार, नुसता आकडा की वेबलिंक, हे आधीच नोंदवण्याची अट ट्रायने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणली. बाकीचा मजकूर तंतोतंत हवा. एक शब्द बदलला, कधी एखादा पूर्णविराम वाढला, तरी मेसेज अडतो. मजकुरात लिंक असेल तर ती आधी मंजूर यादीत घालावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून यादीबाहेरची लिंक चालत नाही. व्यवसायाचे नाव मजकुरात असू द्या. ते नसलेला मेसेज ग्राहकही संशयानेच पाहतो.

इथे मराठीचा हिशेब वेगळा आहे आणि तो एजंट सहसा सांगत नाही. इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० वर्ण बसतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही मोजणी अक्षरांची नसते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. मोबाईलच्या हिशेबात तो दहा वर्णांचा आहे. “आपली फी मिळाली. पावती क्र. १२३. धन्यवाद.” एवढ्याशा निरोपात ४० जागा गेल्या. ७० ओलांडले की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ वर्ण बसतात आणि पैसे दर तुकड्याला पडतात. रोमन लिपीतल्या मेसेजमध्ये नुसते ₹ हे चिन्ह घातले तरी सगळा मेसेज ७० च्या हिशेबात जातो. तिथे चिन्हाऐवजी अक्षरे लिहा.

पण म्हणून मराठी सोडू नका. आपल्या ग्राहकांमध्ये ज्यांनी सातवी-आठवीत शाळा सोडली अशा आया-मावश्याही आहेत. रोमन लिपीतली मराठी त्यांना वाचता येत नाही आणि न वाचलेल्या मेसेजचे पैसे तर पूर्णच वाया जातात. “आपणांस कळविण्यात येते की” असली सरकारी वळणे काढून टाका, मराठी मेसेजही ७० मध्ये बसतो. टेम्प्लेट नोंदवताना भाषेचा प्रकार ‘युनिकोड’ निवडायला विसरू नका.

शेवटी प्रश्न संमतीचा. माणसाने पावतीसाठी नंबर दिला म्हणजे जाहिरातीसाठी दिला असे होत नाही, आणि कार्यक्रमाच्या हजेरी वहीतले नंबर उचलून दुकानाच्या यादीत घालणे तर मुळीच बसत नाही. जाहिरातीच्या मेसेजमध्ये नको असल्यास बंद करण्याची सोय द्यावीच लागते. एखाद्याने एकदा नकार दिला की ९० दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागता येत नाही. ही संमतीही कागदावर न राहता डिजिटल नोंदवहीत जावी, अशी व्यवस्था आता बँकांपासून सुरू होत आहे. तोपर्यंत निदान आपल्या फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी ठेवा, एक कामाच्या निरोपांसाठी, दुसरी जाहिरातीसाठी. दुसरी चौकट रिकामी सोडणाऱ्या ग्राहकालाही तितक्याच आपुलकीने वागवा.

सगळे मंजूर झाल्यावर लगेच पाचशे जणांना मेसेज सोडू नका. आधी जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल असे चार कंपन्यांचे चार ओळखीचे नंबर घ्या, त्यांवर पाठवा आणि हेडर, शेवटचे अक्षर आणि मराठी मजकूर चारही फोनवर नीट उमटतो का ते पाहा. एखाद्यावर आला नाही, तर एसएमएस कंपनीकडून त्या मेसेजचा डिलिव्हरी रिपोर्ट मागा. टेम्प्लेट जुळले नाही, हेडर बंद आहे की साखळी अपुरी आहे, हे कारण त्यात दिलेले असते.