मुलांच्या हाती गळ देताना



नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, की कोकणात खाडीकाठच्या घरांतून गळाची काठी बाहेर निघते. आढ्याला अडकवलेला वेळू खाली येतो, तंगुसाचा दोरा ताणून पाहिला जातो, गंजलेले गळ बदलले जातात. भादव्यात पावसाचा जोर ओसरतो, नदीचे तांबडे पाणी निवळू लागते, आणि संध्याकाळी साकवापाशी, धक्क्यावर, खाडीच्या बांधावर माणसे गरवायला बसतात. त्यांच्याभोवती गावातली चार पोरे घुटमळत असतातच. आज बोलायचे आहे ते या पोरांविषयी. त्यांच्या हाती गळ कसा द्यावा, आणि गळाबरोबर आणखी काय द्यावे, ते पाहू.

हंगाम समजायचा तर आधी बंदी समजली पाहिजे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, ओढ्यांना लोंढा आला, की नदीतले कितीतरी मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. याला कुठे चढण म्हणतात, कुठे वलगण. उथळ पाणी, बुडालेले गवत, भाताची खाचरे ही त्यांची अंडी घालायची जागा. तिथे मोठ्या माशांची भीती कमी आणि पिलांना बारीक खाद्य भरपूर. पण नेमक्या त्याच रात्री आपण बत्त्या, कोयते आणि पाग घेऊन ओढ्यावर धावतो. मासा दमलेला, पाणी वीतभर, पोट गाभोळीने टम्म. पाटी भरायला कितीसा वेळ लागणार? मात्र एकेका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. घरापुरते दोन मासे धरणे वेगळे आणि ओढा आडवा बांधून सगळा उपसणे वेगळे. पुढे आश्विनात गळ टाकून बसलेला माणूस म्हणतो, ‘पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत बुवा!’ राहतील कुठून? मासे कमी होण्याला बंधारे आहेत, घाण पाणी आहे, ही कारणे खरीच. पण चढणीचा मासा सोडणे हे तरी आपल्या हातातले आहे.

समुद्रासाठी आपल्या राज्यात १९८१ सालचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरवले गेले, त्यामागे समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि अनेक माशांचा हा विणीचा काळ असतो हे दुसरे. पण गावच्या ओढ्यावर रात्री कोण शिपाई उभा राहणार? तिथे आपली समजूत हाच कायदा. आणि ही समजूत लहानपणीच अंगी लागते.

आता काठीकडे वळू. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, आणि मुलीलाही बरे का, पाच-सहा हातांची हलकी वेळूची काठी पुरे. तिला तेवढाच लांब दोरा, टोकाला बारीक गळ, वर वीतभर अंतरावर शिशाचा लहान तुकडा, आणि त्याच्या वर मोराच्या गळलेल्या पिसाचा दांडा किंवा भेंडाचा तुकडा तरंगायला. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करावा. बोटात रुतला तरी गळ सहज निघतो, आणि सोडायचा मासाही फारसा जखमी होत नाही. आमिषाला परसातले गांडूळ, कणकेची गोळी किंवा खाडीत कोळंबीचा तुकडा.

पहिल्या दिवशी मोठा मासा मिळावा असा हट्ट नको. लहान मासोळ्या जिथे भरपूर, तिथे पोराला बसवावे. वेळ सकाळची नाहीतर उन्हे कलल्यावरची, कारण भर दुपारी मासे बहुधा खोल गारव्यात जातात. काठावर पाय आपटू नयेत. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली हालचाल आणि थरथर जाणवते. हे पोराला सांगा, म्हणजे ‘गप्प बस’ असे दहादा ओरडावे लागत नाही.

मग खरी मजा सुरू होते. पिसाचा दांडा जरासा हलतो.

‘आजोबा, लागला का हो?’

‘थांब रे, अजून नुसता चाखतोय.’

दांडा पुन्हा हलतो, आडवा सरकतो, आणि गपकन खाली जातो. आता हलका हिसका! काठीच्या टोकाशी जी जिवंत ओढ हाताला लागते, ती पोर जन्मभर विसरत नाही. बोटाएवढा मासा असला तरी चालेल. त्याआधीचा जो अर्धा तास पोराने न बोलता, पाण्यावर नजर ठेवून काढला, तो त्याहून मोलाचा. शाळेत इतके चित्त एका जागी बसवायला गुरुजींना किती कष्ट पडतात!

गुरुजींसाठी यात आणखी एक धडा आहे. खाडीकाठचे जाणते लोक तिथीवरून भरती सांगतात. पक्षातली तिथी घ्यावी, तिला तीनाने गुणावे, चाराने भागावे. येईल तितक्या वाजता पाणी भरलेले. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता, सकाळी आणि संध्याकाळीही. पंचमीला पावणेचार. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. तो अंदाजाचा आहे. खाडीत जितके आत जावे तितके पाणी उशिरा भरते. म्हणून मुलांना वही घालायला सांगा : तिथी, हिशेबाने आलेली वेळ, डोळ्यांनी पाहिलेली वेळ, पाणी गढूळ की निवळ, मासा कोणता आणि किती बोटे लांब. दोन महिन्यांत आपल्या गावच्या खाडीचा फरक मुले स्वतः शोधून काढतील. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग का, हा प्रश्नही मग तीच विचारतील.

धरायला शिकवले, तसे सोडायलाही शिकवावे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासून संरक्षण. कोरड्या हाताने तो निघून जातो, म्हणून आधी हात ओले करावेत. लहान मासा, पोट फुगलेली मादी यांना अलगद पाण्यात धरावे, आपणहून निसटू द्यावे. काठावरून फेकू नये. तळ्यात कधी तांबूस पिलांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरताना दिसतो. ती मरळीची पिले, आणि त्यांची राखण करणारा मोठा मासा जवळच असतो. तिथे गळ टाकू नये. राखण करणारा गेला, की पिलांचा फडशा पडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाडे तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. तिथे देवाचे म्हणून मोठाले मासे लोकांनी राखले. भाविक त्यांना खाऊ घालतात, धरत कोणी नाही. डोहापुरता जो नेम पूर्वजांनी पाळला, तो आपण निदान विणीच्या दिवसांपुरता पाळावा.

शेवटी सावधगिरीच्या चार गोष्टी. पोराने एकट्याने पाण्यावर जाऊ नये. पाण्यात उतरायचे तर गुडघ्याच्या वर नाही. गळ टाकण्याआधी मागे कोणी उभे आहे का ते पाहावे. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात, तो गळातून मोठ्यानेच काढावा. भरतीचे पाणी पाठीमागच्या चरातून गुपचूप भरते, म्हणून परतीची वाट डोळ्यांसमोर असावी.

मंडळी, येत्या भादव्यात एक काठी पोरासाठी तयार करा. आणि पुढच्या मृगात ओढ्याला चढण लागली, की त्याच पोराला ओढ्यावर न्या. हातात कोयता नको, पाग नको, नुसती बत्ती असू द्या. पाण्याच्या उलट उड्या घेत वर जाणारे मासे त्याला दाखवा आणि सांगा, ‘बाळा, आपण भादव्यात धरणार ते मासे यांच्याच पोटात आहेत.’