आनुवंशिक हृदयविकार : चार टक्के, सहा टक्के आणि मधली माणसे

जनुकीय दोष सापडला म्हणजे भवितव्य कळले असे होत नाही. तोच दोष बाळगणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचे हृदय सत्तरीतही ठणठणीत असते आणि दुसऱ्याचे विशीतच जाड होते. मग अचानक मृत्यूचा धोका कुणाला, हे ठरवायचे कशावरून? हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाडावण्याचा विकार, साधारण पाचशेत एकाला असतो. त्याच्यासाठी युरोपातल्या सहा केंद्रांमधील ३,६७५ रुग्णांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये एक सूत्र बांधले गेले. वय, भिंतीची जाडी, डाव्या अलिंदाचा आकार, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेतला अडथळा, घरातला अचानक मृत्यू, ठोक्यांची सलग नोंद घेणाऱ्या होल्टर यंत्रावर दिसलेले जलद ठोके आणि कारण न सापडलेली बेशुद्धी या सात गोष्टी भरल्या की पुढच्या पाच वर्षांचा धोका टक्क्यांत मिळतो. चारच्या खाली कमी, सहा किंवा त्याहून वर जास्त. जास्त धोका असेल तर छातीत आयसीडी बसवण्याचा विचार करायचा; ठोके बेफाम झाले की हे यंत्र शॉक देते.

या रेघा निसर्गाने आखलेल्या नाहीत. ५.९ आणि ६.१ टक्क्यांच्या हृदयांत सांगण्याजोगा फरक नसतो. किती यंत्रे बसवून एक जीव वाचला तर ते परवडले, याविषयीचा तो माणसांचा निवाडा आहे. मूळ अभ्यासाचाच अंदाज असा की चार टक्क्यांच्या वरच्या सोळा जणांना यंत्र बसवले, तर पाच वर्षांत एकाचा मृत्यू टळू शकतो. उरलेल्या पंधरांना त्या काळात त्याचा उपयोग नाही, पण संसर्ग, तुटणारी तार आणि अकारण बसणारा शॉक ही जोखीम त्यांनाही आहे. ‘सगळ्यांनाच बसवून टाका’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच. विशीतल्या मुलाला तर बॅटरीसाठी जन्मभर पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते.

याच्या उलट आक्षेप जास्त अवघड आहे : कमी धोक्याचे म्हटलेलेही मरतात, मग सूत्र काय कामाचे? समजा, दोन टक्के धोक्याचे नऊशे आणि आठ टक्क्यांचे शंभर रुग्ण आहेत. पाच वर्षांत पहिल्या गटात अठरा मृत्यू होतील, दुसऱ्यात आठ. यात सूत्र चुकले असे नाही. ते गटाविषयी बोलते, समोर बसलेल्या माणसाविषयी नाही. पण सूत्राला उणिवाही आहेत : त्यात एमआरआयवर दिसणारा हृदयस्नायूतला व्रण मोजलेलाच नव्हता. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांत तो विचारात घ्यायला सांगितले, ही दुरुस्ती योग्यच. मात्र सर्वात कच्चा दुवा मला घरातल्या इतिहासाचा वाटतो. पस्तिशीत गेलेला भाऊ ‘अटॅकने गेला’ एवढेच घरात माहीत असते, शवविच्छेदन झालेले नसते. त्या रकान्यात ‘नाही’ लिहिले की टक्के उतरतात. असा संशयास्पद मृत्यू असेल तर आकडा चारच्या खाली आला तरी मी त्यावर विसंबणार नाही.