घरबसल्या खरेदी : कोणते कार्ड वापरावे?

वेळांकण्णीच्या यात्रेसाठी रेल्वेची तिकिटे काढायची, तर पूर्वी ट्रॉम्ब्याहून पहाटेची बस पकडून कुर्ल्याच्या किंवा दादरच्या आरक्षण खिडकीपुढे रांग लावावी लागे. आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू केले आणि हळूहळू ही पायपीट थांबली. आता तिकिटांबरोबरच औषधे, शाळेची पुस्तके, मिक्सर, इतकेच काय नाताळचा ताराही घरबसल्या मागविता येतो. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु पैसे चुकते करण्याची वेळ आली की अनेक वडीलधारी मंडळी थबकतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्हांला हमखास विचारले जाते, "फादर, कार्ड कोणते वापरावे?" सर्वांना लागू पडेल असे एका शब्दाचे उत्तर या प्रश्नाला नाही, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडीत आहोत.

कार्डांचे तीन प्रकार समजण्यासाठी आपल्या वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. डेबिट कार्ड म्हणजे रोखीचा व्यवहार. बटण दाबताच आपल्या बचत खात्यातील रक्कम वजा होते. क्रेडिट कार्ड ही उधारीची वही आहे. आज बँक आपल्या वतीने पैसे देते, महिन्याचे बिल येते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत आपण ते फेडतो. पूर्ण फेडले तर व्याज नाही, थोडे शिल्लक ठेवले तर व्याज सुरू. चार्ज कार्ड ही देखील उधारीचीच वही, पण तिचा मालक कडक शिस्तीचा. बिल आले की पैन् पै चुकती केली पाहिजे, बाकी पुढच्या महिन्यावर ढकलण्याची सवलत सर्वसाधारणपणे नसते. गंमत अशी की, तिघांत चार्ज कार्डाची कल्पना बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क येथे १९५० मध्ये निघालेले डायनर्स क्लब कार्ड मूलतः याच प्रकारचे होते. आपल्याकडे बँकेचे क्रेडिट कार्ड १९८० मध्ये आपल्या मुंबईतच मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आणले. चार्ज कार्ड भारतात फार थोड्या कंपन्या देतात. त्याचे वार्षिक शुल्क बहुधा भरभक्कम असते आणि ते मोठ्या पगाराच्या, सतत प्रवास करणाऱ्या ग्राहकांसाठी असते. सर्वसामान्य कुटुंबाला त्याची गरज पडत नाही, असे आमचे मत आहे. त्यामुळे त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

खरा प्रश्न उरतो तो डेबिट की क्रेडिट हा. येथे एकच गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : व्यवहारात गडबड झाली, तर ती मिटेपर्यंत कोणाचे पैसे अडकून पडतात? डेबिट कार्डाच्या बाबतीत ते आपले असतात. ज्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होते, त्याच खात्याचे कार्ड खरेदीला वापरले आणि त्यातून कोणी चाळीस हजार काढले, तर त्या महिन्याचे औषधपाणी आणि वीजबिल लगेच अडते. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत प्रथम बँकेचे पैसे जातात. बिल भरण्याची तारीख येईपर्यंत आपल्याला तक्रार करण्यास अवधी मिळतो आणि घरखर्चाची रक्कम शाबूत राहते. मात्र तक्रार केली म्हणून बिलाकडे दुर्लक्ष करू नये. वादातील रक्कम तूर्त भरावयाची की नाही, हे बँकेकडून लेखी घ्यावे व बाकीचे बिल वेळेवर भरावे.

फसवणुकीच्या बाबतीत भारतीय रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. ती दोन्ही कार्डांना लागू करण्यात आली. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तर ग्राहकावर काहीही भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास साधारण बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार, त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणानुसार. कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी, असेही त्यात म्हटले होते. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून आकडे आपल्या बँकेत विचारून घ्यावेत. मात्र विलंब ग्राहकालाच महागात पडतो, हे निश्चित. मोबाईल क्रमांक बदलला की बँकेत कळविणे का आवश्यक आहे, ते यावरून लक्षात येईल. जुन्या क्रमांकावर संदेश जात राहिले, तर चोरी झाल्याचे कळणार तरी कसे?

हे संरक्षण एका गोष्टीने कमकुवत होते. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितला, तर बँकेला कळवीपर्यंत झालेले नुकसान त्याचेच मानले जाते. आपल्या वस्त्यांत शेजारधर्म मोठा. आजीबाई शेजारच्या मुलाच्या हाती कार्ड देतात, पिन कागदावर लिहून देतात आणि "बाळा, माझे तेवढे तिकीट काढून दे" असे सांगतात. मुलगा प्रामाणिकच असतो, परंतु तो कागद पुढे कोठे जातो? मदत अवश्य घ्यावी. पण आपण शेजारी बसावे आणि ओटीपीचे आकडे स्वतःच्या बोटांनी टाकावेत. भारतातील इंटरनेट खरेदीसाठी अशी दुसरी पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली. परदेशातील अनेक संकेतस्थळांवर मात्र कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊन जातो. म्हणून परदेशी वापराची सोय बंद ठेवावी. बँकेच्या ॲपमधून ती हवी तेव्हा चालू वा बंद करता येते.

इतके वाचून कोणी लागलीच क्रेडिट कार्डाचा अर्ज भरावयास निघेल, तर त्याने थोडे थांबावे. वाण्याच्या वहीवर व्याज नसते. या वहीवर असते आणि ते जबर असते. समजा, २०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६, एकूण ८२६. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून १,००० रुपये दाखविले आणि आपण तेवढेच भरले, तर मूळ कर्जातून फिटतात अवघे १७४ रुपये! शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरविले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा 'तीस टक्क्यांवर घेताच येत नाही' या समजुतीवर कोणी विसंबू नये. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे तर सर्वस्वी टाळावे. तेथे शुल्कही लागते आणि व्याजही त्याच दिवसापासून.

मग करावे काय? ज्यांना दरमहा पूर्ण बिल भरण्याची शिस्त आहे, त्यांनी इंटरनेटवरील खरेदीसाठी, विशेषतः महागड्या वस्तूंसाठी, क्रेडिट कार्ड वापरावे; त्याची मर्यादा मात्र स्वतः सांगून कमी करून घ्यावी. पगारपत्रक नसलेल्यांना अनेक बँका मुदत ठेवीच्या तारणावर असे कार्ड देतात. ज्यांचा हात सैल आहे (आणि हे ज्याचे त्याला ठाऊक असते!) त्यांनी डेबिट कार्डच बरे समजावे, परंतु निवृत्तिवेतनाच्या किंवा बचतीच्या मुख्य खात्याचे नव्हे. दुसरे लहान खाते उघडावे, खरेदीपुरतेच पैसे त्यात वळवावेत. कोळीवाड्यातील ज्या भगिनींचा मासळीचा व्यवहार रोजच्या रोकडीवर चालतो, त्यांनाही हाच मार्ग सोयीचा वाटेल.

पैसे वजा झाले, पण तिकीट आले नाही, असा प्रकारही घडतो. त्यात घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. दुकानाकडे पैसे पोहोचल्याची नोंदच झाली नसेल, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यावी आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले. फसवणूक झाल्याचा संशय आल्यास मात्र एक क्षणही दवडू नये. प्रथम बँकेला सांगून कार्ड बंद करावे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते.