गल्ली गेली, अंगण राहिलं

दिल्लीत शादीपूर डेपोजवळची कठपुतळी कॉलनी ऑक्टोबर २०१७ मध्ये बुलडोझरखाली गेली. राजस्थानी भाट कठपुतळीवाले, जादूगार, कसरतवाले तिथे कित्येक दशकं दाटीवाटीनं राहत होते. पुनर्विकासासाठी जागा खासगी बिल्डरकडे गेली आणि बरीच कुटुंबं आनंद पर्वतच्या संक्रमण शिबिरात. अशा वस्तीत छपरापेक्षा मोलाचा असतो शेजार! ढोलकवाला हाकेवर, बाहुलीचे कपडे शिवणारी पलीकडच्या दारात.

आपल्याकडची बाहुलीवाल्यांची वस्ती शहरात नाही, कुडाळजवळच्या पिंगुळीत आहे.

तिथला ठाकर समाज कळसूत्री बाहुल्या नाचवतो, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतो आणि चित्रकथी सांगतो. चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभं धरायचं आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गात सांगायचा. साथीला वीणा, टाळ, हुडूक. मराठवाड्याचाही इथे धागा आहे बरं का: अशी बरीच जुनी चित्रं पैठणला मिळाली, म्हणून ती ‘पैठण शैली’ म्हणूनच ओळखली जातात.

सावंतवाडी संस्थानचा आश्रय संपला, मग सिनेमा आणि टीव्हीनं प्रेक्षक पळवले. पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांनी मात्र घरच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान मोठाच, पण कलावंताचं पोट सुपारीवर चालतं. कोकणात गेलात तर पिंगुळीला जा, आणि आधी फोन करून खेळच ठरवा.