मालावरील खुणा

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या आनंदमेळाव्यांत मुलांनीं चटणीच्या बाटल्यांवर स्वतः योजिलेलें नांव लिहून, शेजारीं वर्तुळांतील 'आर' हें इंग्रजी अक्षर मोठ्या हौसेनें काढिलें. एका पालकांनीं तें पाहून सर्व चिठ्ठ्या खरवडावयास लाविल्या. मुलें हिरमुसलीं, परंतु पालकांचें म्हणणें यथार्थ होतें.

ही खूण शोभेची नव्हे. ज्या नांवाची वा चित्राची व्यापारचिन्ह म्हणून सरकारदप्तरीं नोंद झाली, त्यासच ती लावितां येते. नोंद नसतां ती असल्याचें भासविणें १९९९ च्या कायद्यान्वयें दंडास पात्र आहे. केवळ अर्ज केल्यानेंही तो अधिकार येत नाहीं. तोंवर 'टीएम' हीं अक्षरें लिहावीं. 'हें चिन्ह आमचें', एवढाच दावा त्यांत असतो. त्यास नोंद लागत नाहीं. झालेली नोंद १० वर्षें टिकते व शुल्क भरून पुन्हां तितकीच वाढवितां येते.

इंग्लंडांत १८७६ सालीं पहिली नोंद झाली ती बास या मद्याच्या तांबड्या त्रिकोणाची. (वस्तु मुलांच्या उपयोगाची नव्हे, खूण मात्र पाहण्याजोगी!) असा त्रिकोण निरक्षर गिऱ्हाईकहि ओळखतें, म्हणूनच खोट्या खुणेनें तेंच प्रथम फसतें.

यंदाच्या बाटल्यांवर मुलांनीं 'टीएम' एवढेंच लिहिलें आहे.