डोंगरातला समुद्र : चाचणीच्या नोंदी कशा लावाव्यात?

बालाघाटच्या डोंगरात दऱ्या आहेत, दर्या नाही. भूगोलाचे उत्तर टंकित करताना संगणकाने 'दऱ्या'चे 'दर्या' केले, तर डोंगरात समुद्र येतो! मराठी वाचणाऱ्याला ही चूक लगेच दिसते. परंतु आज्ञावली लिहिणारा दूरदेशी असला आणि त्याला मराठी येत नसले, तर त्याला ती कशी कळावी?

म्हणूनच मुक्तस्रोत आज्ञावली, म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही वाचता व बदलता येते अशी आज्ञावली, अंतिम रूप देण्यापूर्वी वापरणाऱ्यांच्या हाती सोपवतात. या टप्प्याला 'बीटा चाचणी' म्हणतात. मराठीतही उपलब्ध असलेली 'लिबरऑफिस' ही प्रणाली याच वाटेने जाते.

समजा, नांदेड व लातूर येथील दोन शाळांनी अशा एका लेखन-आज्ञावलीची चाचणी घेतली. आठवडाभरात चाळीस चिठ्ठ्या जमल्या. 'मराठी नीट येत नाही', 'वाऱ्याचे लिहिले की वार्याचे दिसते', 'तऱ्हा चुकते', 'शब्द शोधून सापडत नाही'... त्या जशाच्या तशा पाठवल्या तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती काय लागेल? फारसे काही नाही. त्या आधी लावाव्या लागतील.

पहिली पायरी एकसारख्या नमुन्याची. प्रयोगवहीत लिहितो तसेच येथे लिहावे : कोणत्या क्रमाने काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले. जोडीला आज्ञावलीची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, फाँट आणि कळफलक. 'मराठी नीट येत नाही' हा निष्कर्ष झाला, निरीक्षण नव्हे.

दुसरी पायरी पडताळ्याची. दुसऱ्याने दुसऱ्या संगणकावर तीच कृती करून पाहावी व निकाल नोंदवावा.

तिसरी पायरी वर्गवारीची. 'दऱ्या', 'वाऱ्याचे' व 'तऱ्हा' या तीन तक्रारी दिसतात, पण दोष एकच : 'य' किंवा 'ह'ला जोडून येणाऱ्या अर्ध्या 'र'ऐवजी डोक्यावर रफार चढतो. फाँटचा रकाना पाहिला आणि तिन्ही ठिकाणी एकच फाँट आढळला, तर शोध कोठून सुरू करायचा ते कळते. अशा वेळी एक नोंद मुख्य धरून बाकीच्या तिला जोडाव्यात. फेकून मात्र देऊ नयेत.

का, ते पाहा. समजा, लातूरकर म्हणतात, ''मजकुरात 'दऱ्या' असूनही शोधल्यावर सापडत नाही.'' नांदेडकर म्हणतात, ''आमच्याकडे सापडतो.'' खोटे कोण बोलते? कोणीच नाही. कळफलकाचा रकाना पाहा. लातूरला मजकूर एका कळफलकाने लिहिला आणि शोधाचा शब्द दुसऱ्याने. नांदेडला दोन्हीसाठी कळफलक एकच. युनिकोडमध्ये हा अर्धा 'र' दोन प्रकारे साठवता येतो : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर व हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त व त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे! 'आमच्याकडे चालते' म्हणून लातूरची नोंद रद्द केली असती, तर हा दोष तसाच राहिला असता.

शेवटची पायरी क्रम लावण्याची. लिहिलेला मजकूर नाहीसा होत असेल तर ती नोंद सर्वांत वर. अर्थ बदलत असेल तर त्याखाली. नुसते दिसणे बिघडत असेल तर शेवटी.

मोठ्या प्रकल्पांत हे काम संगणकीय नोंदवहीत चालते. 'नेटस्केप'ने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या न्याहाळकाची संहिता खुली केली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'मोझिला' प्रकल्पासाठी त्याच वर्षी 'बगझिला' ही नोंदवही तयार झाली. 'लिबरऑफिस'च्या दोषांची नोंदही तिच्यातच होते.

वर्गात हे करून पाहता येईल. तीन विद्यार्थ्यांना एकच दोष दाखवा आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे नोंद लिहू द्या. चौथ्याने कोणालाही न विचारता, केवळ नोंद वाचून तो दोष पुन्हा घडवून आणावा. ज्या नोंदीवरून ते जमणार नाही, तिच्यात काय राहून गेले याची चर्चा करा. विज्ञानाच्या तासाला प्रयोगवही तपासतानाही हीच कसोटी लावता येईल.